सुरतेची वखार आणि जोडण्यांचा साठा

सुरतेचे नाव मराठी माणसाच्या कानी प्रथम पडते ते शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज या शहरावर चालून गेले, १६७० च्या ऑक्टोबरात पुन्हा गेले, आणि मोगलांच्या त्या श्रीमंत बंदराची संपत्ती स्वराज्याच्या कामी आली, एवढे आपण सर्वच जाणतो. दोन्ही प्रसंगी इंग्रजांची वखार बचावली, हेही त्या पुस्तकात एका ओळीत येऊन जाते. परंतु वखार म्हणजे नेमके काय, आणि हजारो मैलांवरून आलेल्या व्यापाऱ्यांना ती उभारण्याची गरज का भासली, या प्रश्नाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आज मी आपणांपुढे तोच प्रश्न ठेवणार आहे, आणि त्याच्या आधाराने आपल्या काळातील एका यंत्रव्यवस्थेचा इतिहास सांगणार आहे.

ही यंत्रव्यवस्था आपण रोज वापरतो, पण ती डोळ्यांना दिसत नाही. घरबसल्या घरपट्टी भरताना, गाडीचे आरक्षण करताना किंवा मुलाचा परीक्षेचा निकाल पाहताना आपली विनंती प्रथम एका सर्व्हरकडे जाते. तो सर्व्हर उत्तर स्वतःजवळ बाळगत नाही. ते असते माहितीच्या कोठारात, म्हणजे डेटाबेसमध्ये. सर्व्हर आणि कोठार यांच्यामध्ये दळणवळणाचा जो मार्ग बांधावा लागतो, त्याला आपण जोडणी म्हणू. अशा मोजक्या जोडण्या आधीच उघडून सज्ज ठेवायच्या, येईल त्याला त्यातील एक वापरावयास द्यायची आणि काम होताच परत घ्यायची, ही जी रीत आहे तिला संगणकाच्या व्यवहारात ‘कनेक्शन पूल’ असे नाव आहे. या शब्दातला पूल नदीवरचा नव्हे, त्याचा अर्थ सामाईक साठा. सुरतेच्या वखारीतून ही रीत जन्मास आली असे मी म्हणणार नाही. दोहोंमध्ये जवळजवळ चार शतकांचे अंतर आहे. पण अडचण तीच होती, तोडगा त्याच जातीचा होता, आणि त्या तोडग्यात चुकण्याच्या जागाही त्याच होत्या.

प्रथम सुरतेकडे वळू. १६०० सालच्या अखेरच्या दिवशी इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. कंपनीचे नाव एक होते, पण भांडवल एक नव्हते. आरंभीची सुमारे बारा वर्षे प्रत्येक सफर स्वतंत्र असे. तिचे भागीदार निराळे, तिची रोकड निराळी, तिचा हिशेबही निराळा. जहाजे परत आली की माल विकून पैसे वाटावयाचे आणि खाते बंद करावयाचे. दुसरी सफर निघाली म्हणजे सारे काही पुन्हा पहिल्यापासून.

१६०८ च्या ऑगस्टात विल्यम हॉकिन्स हा ‘हेक्टर’ जहाजातून सुरतेस पोहोचला. त्याला व्यापाराची परवानगी हवी होती. ती मिळविण्यासाठी तो १६०९ साली आग्र्यास जहांगीर बादशहाच्या दरबारी गेला, आणि १६११ मध्ये कायमचे असे काही पदरात न पडता तेथून निघाला. त्याच साली सर हेन्री मिडलटन जहाजे घेऊन सुरतेच्या किनाऱ्यास लागला. पोर्तुगीजांनी त्याची वाट अडविली होती आणि मोगल अधिकारी त्यांच्या धाकात होते. अखेर १६१२ च्या आरंभी त्याला निघून जावे लागले. तो तांबड्या समुद्राच्या तोंडाशी गेला आणि तेथे सुरतेकडून येणारी हिंदी जहाजे अडवून बळजबरीने सौदे करू लागला. एवढ्यात त्याच कंपनीच्या दुसऱ्या सफरीचा प्रमुख जॉन सॅरिस तेथे येऊन ठेपला. राजा एक, कंपनी एक, पण सफरी दोन! त्यामुळे मिळकतीच्या वाटणीवरून या दोघांत कडाक्याचे भांडण झाले.

आता एका सफरीला सुरतेत माल मिळवावयाचा म्हणजे काय काय करावे लागे, ते पाहा. अधिकाऱ्याची परवानगी, नजराणा, जकातीचा ठराव. मग दुभाष्या आणि दलाल शोधावयाचा. बरोबर आणलेली चांदी टांकसाळीत देऊन तिचे रुपये पाडून घ्यावयाचे. तेथून पुढे विणकरांशी आणि निळीच्या व्यापाऱ्यांशी भाव ठरवावयाचे. हे सर्व होईपर्यंत मोसमी वाऱ्यांचा हंगाम टळून जाण्याची भीती. शिवाय जहाज बंदरात उभे आहे ही बातमी बाजारात पसरली की कापडाचे भाव चढलेच म्हणून समजा. प्रत्यक्ष माल जहाजावर चढविण्यास जो काळ लागे, त्याच्या कैक पट काळ संबंध जोडण्यात जाई. आणि इतक्या कष्टाने जोडलेला संबंध जहाज निघताच तुटून जाई.

१६१२ च्या अखेरीस टॉमस बेस्ट याने सुरतेजवळच्या सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगीजांशी यशस्वी झुंज दिली आणि १६१३ च्या आरंभी इंग्रजांना सुरतेत वखार ठेवण्याची मान्यता मिळाली. टॉमस ऑल्डवर्थ हा तिचा पहिला प्रमुख. योगायोग असा, की त्याच १६१३ साली लंडनमध्ये स्वतंत्र सफरींची पद्धत सोडून पहिले सामाईक भांडवल उभारण्यात आले. चार लाख पौंडांहून अधिक रक्कम चार वर्षांच्या सफरींसाठी एकत्र जमा झाली. सुरतेस वखार आणि लंडनला सामाईक भांडवल, या दोन गोष्टी मिळून नवी व्यवस्था उभी राहिली. आता जहाज निघून गेले तरी माणसे मागे राहू लागली. दलालाशी असलेला संबंध बारमाही झाला. बंदरात एकही जहाज नसताना, भाव उतरलेले असताना, कापड व नीळ घेऊन कोठारात भरून ठेवता येऊ लागली. पावसाळा सरल्यावर जहाजे सुवाळीला लागली की तयार गठ्ठे चढवावयाचे आणि वारा अनुकूल आहे तोवर शिडे उभारावयाची. संबंध एकदा जोडावयाचा, तो जपावयाचा आणि येणाऱ्या प्रत्येक जहाजाने तो वापरावयाचा, हा वखारीचा अर्थ होय.

सुरतेहून विसाव्या शतकात येताना वाटेत एक टप्पा घेतला पाहिजे, कारण या प्रश्नाला गणिताचे रूप तेथे मिळाले. १८८२ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे सुरू झाली. पुढे शहराशहरांना जोडणाऱ्या तारा आल्या. सुरत आणि मुंबई यांच्यामध्ये प्रत्येक व्यापाऱ्यासाठी वेगळी तार ओढणे कोणत्याही सरकारला परवडणारे नव्हते. म्हणून तारा थोड्या आणि बोलणारे पुष्कळ, अशी ती सामाईक योजना. ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास खोळंबलेली पिढी अद्याप आपल्यात आहे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे तीन दर होते, हेही तिला आठवत असेल. किती तारा ठेवल्या म्हणजे किती लोकांना खोळंबावे लागेल, या प्रश्नाचा शास्त्रीय विचार डेन्मार्कमधील कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील गणिती एर्लांग याने केला. त्याचा पहिला निबंध १९०९ चा आणि प्रसिद्ध सूत्रे १९१७ ची. १९६१ मध्ये जॉन लिटल या अमेरिकन विद्वानाने त्याच विचारधारेतील एक अतिशय सोपा नियम सिद्ध केला. ठराविक काळात येणाऱ्यांची संख्या आणि प्रत्येकाला लागणारा वेळ यांचा गुणाकार केला, की एका वेळी सरासरीने किती जण आत असतील ते कळते. हा नियम आपण ध्यानात ठेवू, पुढे त्याचा उपयोग आहे.

आता संगणकाकडे येऊ. १९७० मध्ये एडगर कॉड याने तक्त्यांच्या रूपात माहिती साठविण्याची कल्पना मांडली आणि आजच्या बहुतेक डेटाबेसांचा पाया घातला. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा ही भाषा जगापुढे आणली. १९९७ मध्ये जावाला डेटाबेसशी बोलण्याचा एक ठराविक रिवाज मिळाला. जेडीबीसी हे त्याचे नाव. आरंभीच्या काळातील कार्यक्रम त्या स्वतंत्र सफरींसारखेच चालत. माणसाने एक पान मागितले की जोडणी उघडावयाची, प्रश्न विचारावयाचा, उत्तर घ्यावयाचे आणि जोडणी मोडून टाकावयाची. पुढचा माणूस आला की पुन्हा श्रीगणेशा.

जोडणी उघडणे हे सुरतेची परवानगी मिळविण्याइतके अवघड नसले, तरी त्याची जात तीच आहे. दोन यंत्रांनी एकमेकांना संदेश पाठवून संपर्क मान्य करावयाचा, गुप्ततेच्या किल्ल्या ठरवावयाच्या, नाव आणि परवलीचा शब्द तपासावयाचा, आणि कोठाराने या नव्या पाहुण्यासाठी जागा व स्मृती राखून ठेवावयाची. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस तर प्रत्येक जोडणीमागे एक स्वतंत्र प्रक्रिया सुरू करतो. एखाद्या खातेदाराची बाकी किती, एवढा लहानसा प्रश्न विचारावयाचा असेल, तर उत्तरापेक्षा ओळखपाळखीलाच अधिक वेळ लागतो. माणसे दहा असताना हे खपून जाते. दहा हजार झाली की कोठाराचा दरवाजाच कोंडतो.

यावर उपाय म्हणून जेडीबीसीच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘डेटासोर्स’ ही कल्पना आली. कार्यक्रमाने स्वतः जोडणी न उघडता एका ठराविक नावाने ती मागावयाची. ती नवी आहे की साठ्यातली, याची चिंता सर्व्हरने वाहावयाची. १९९९ मध्ये सनने आपला वेब सर्व्हर अपाचे संस्थेच्या स्वाधीन केला. तोच टॉमकॅट. तो फुकट आणि सर्वांना खुला असल्यामुळे जगभर पसरला. टॉमकॅटमध्ये जोडण्यांचा साठा मांडण्यासाठी एका लहानशा मजकूर-फाइलमध्ये ‘रिसोर्स’ नावाची नोंद करावी लागते. कोठाराचा पत्ता, नाव, परवलीचा शब्द, आणि मग चार-सहा आकडे. प्रथम अपाचेचाच डीबीसीपी हा साठा टॉमकॅटबरोबर येत असे. टॉमकॅटच्या सातव्या आवृत्तीपासून त्याचा स्वतःचा दुसरा साठाही आला. पुढे हिकारी नावाचा साठा लोकप्रिय झाला. हिकारी या जपानी शब्दाचा अर्थ प्रकाश. २०१८ मध्ये स्प्रिंग बूटच्या दुसऱ्या आवृत्तीने त्याला आपला नेहमीचा साठा म्हणून पत्करले.

खरा मुद्दा आहे तो त्या चार-सहा आकड्यांचा. त्यांच्यामागे चार प्रश्न दडलेले आहेत, आणि सुरतेच्या वखारवाल्यांपुढेही तेच उभे होते.

पहिला प्रश्न, साठा किती मोठा असावा? माणसाला वाटते, जेवढा अधिक तेवढा बरा. वखारीतही तसेच वाटे. परंतु जहाज येण्यापूर्वी माल भरून ठेवावयाचा तर पैसा आधी हवा, आणि तो बहुधा सुरतेच्या सराफांकडून व सावकारांकडून व्याजाने आणावा लागे. १६६४ च्या लुटीत ज्याचा वाडा धुऊन निघाला, तो विरजी वोरा इंग्रजांच्या प्रमुख धनकोंपैकी एक होता. कोठारात पडून राहिलेला प्रत्येक गठ्ठा व्याज खात असे. जोडण्यांचेही तसेच आहे. रिकामी जोडणीसुद्धा डेटाबेसची स्मृती अडवून बसते. शिवाय डेटाबेसच्या यंत्रात चार गणक असतील तर एका क्षणी खरोखर काम करू शकतात ते चारच. चारशे जोडण्या दिल्या तर ते चार गणक एकाचे काम अर्धवट टाकून दुसऱ्याचे हाती घेण्यातच दमतात. पोस्टग्रेसच्या जाणकारांनी दिलेले आणि हिकारीच्या कर्त्यांनी पुढे केलेले एक ढोबळ सूत्र असे आहे: गणकांच्या संख्येची दुप्पट आणि त्यात डिस्कची संख्या. चार गणक आणि एक डिस्क असेल तर नऊ. ऐकून नवल वाटेल, पण लिटलचा नियम लावून पाहा. सेकंदाला २०० विनंत्या आल्या आणि प्रत्येकीने जोडणी २० मिलिसेकंद वापरली, तर सरासरीने एका वेळी चारच जोडण्या गुंतलेल्या असतील. गर्दीच्या लाटेसाठी थोडी पुस्ती जोडली तरी नऊ-दहांत काम भागते. हे सूत्र ब्रह्मवाक्य नव्हे. आपल्या यंत्रावर मोजून पाहण्याचा तो आरंभबिंदू आहे.

दुसरा प्रश्न, साठा संपला असेल तर येणाऱ्याने किती वेळ थांबावे? टॉमकॅट एका वेळी दोनशे विनंत्या हाताळावयास मूळचाच तयार असतो. डीबीसीपी साठ्याची मूळची मर्यादा मात्र आठ जोडण्यांची, आणि थांबण्याची मूळची मुदत अमर्याद. हे आकडे न बदलता तसेच ठेवले आणि काही कारणाने त्या आठही जोडण्या अडकून पडल्या, तर उरलेले एकशे ब्याण्णव अनंतकाळ दाराशी ताटकळत राहतील. त्यांना नकारही मिळणार नाही आणि उत्तरही मिळणार नाही. सुवाळीच्या जहाजाला अशी चैन परवडणारी नव्हती. वारा फिरण्याच्या आत निघावयाचे, मिळाला तेवढा माल घेऊन निघावयाचे, हा त्याचा नियम. म्हणून शहाणा व्यवस्थापक थांबण्याची मुदत काही थोड्या सेकंदांची ठरवून देतो. वेळेवर मिळालेला नकार हाही एक प्रकारचा न्याय आहे. त्यामुळे माणसाला निदान दुसरी वाट धरता येते.

येथे एक लहानशी पण खोडकर गोष्ट सांगितली पाहिजे. २०१४ साली टॉमकॅटची आठवी आवृत्ती आली तेव्हा या दोन आकड्यांची नावे बदलली. ‘मॅक्सॲक्टिव्ह’चे ‘मॅक्सटोटल’ झाले आणि ‘मॅक्सवेट’चे ‘मॅक्सवेटमिलिस’. जुनी फाइल तशीच नव्या सर्व्हरवर नेली, तर सर्व्हर नोंदवहीत एक इशारा लिहून ठेवतो आणि निमूटपणे पुढे चालू लागतो. आपण पन्नासची मर्यादा घातली आहे अशा समजुतीत कारभारी असतो, आणि चालू असते मूळची आठच. गर्दीचा दिवस उजाडेपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही. नोंदवही वाचण्याचा कंटाळा करू नये, हा धडा वखारीच्या कारकुनालाही ठाऊक होता.

तिसरा प्रश्न, साठ्यातील जोडणी जिवंत आहे काय? या प्रश्नाचे सर्वांत दुःखद उदाहरण सुरतेच्या इतिहासातच आहे. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खन यांवर भयंकर दुष्काळ आला, आणि त्यापाठोपाठ अतिवृष्टी व रोगराई आली. पीटर मंडी हा इंग्रज १६३० साली सुरतेहून आग्र्यास निघाला. वाटेत त्याने जे पाहिले ते त्याच्या प्रवासवर्णनात नोंदलेले आहे, आणि ते वाचवत नाही. वखारीचा अध्यक्ष टॉमस रॅस्टेल स्वतः १६३१ मध्ये मरण पावला. विणकर मेले, उरले ते परागंदा झाले. वखारीच्या वह्यांत दलालांची नावे होती, गावांची नावे होती, दिलेल्या उचलींचे आकडेही होते. कागदावर सारे संबंध शाबूत होते. त्या संबंधांच्या दुसऱ्या टोकाला माणूस उरला नव्हता. माणसांच्या मरणाची आणि तारेच्या तुटण्याची बरोबरी होऊ शकत नाही, आणि ती मी करणार नाही. व्यवस्थेच्या दृष्टीने त्यातून निघणारा बोध तेवढा घ्यावयाचा. वहीत नाव आहे म्हणून संबंध आहे असे समजू नये.

मायएसक्यूएल हा डेटाबेस आठ तास कोणी न बोललेली जोडणी आपल्या बाजूने बंद करून टाकतो. साठ्याला त्याचा पत्ता नसतो. रात्रभर कचेरी बंद राहिली की सकाळी प्रथम येणाऱ्या नागरिकाच्या हाती अशी मेलेली जोडणी पडते आणि त्याला चुकीचा संदेश दिसतो. दुसऱ्यांदा प्रयत्न केला की सर्व काही सुरळीत! त्यामुळे तक्रार केली तर ती कोणी खरी मानीत नाही. उपाय साधा आहे. जोडणी हाती देण्यापूर्वी तिला एक किरकोळ प्रश्न विचारून पाहावयाचा, म्हणजे फोनवर प्रथम ‘हॅलो’ म्हणतो तसा. शिवाय जोडणीचे आयुष्य डेटाबेसच्या मुदतीपेक्षा कमी ठरवून तिला वेळीच निवृत्त करावयाचे. हिकारीत हे आयुष्य मूळचे अर्ध्या तासाचे असते.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, घेतलेली जोडणी परत आली काय? आपल्याकडे अनेक गावांत देवळाची सामाईक भांडी असतात. लग्नकार्याला ती न्यावयाची, आणि कार्य उरकताच घासूनपुसून, मोजून परत करावयाची. मोठे पातेले एकाने दडपून ठेवले तर पुढच्या घरचे कार्य अडते. कार्यक्रम लिहिणाऱ्याने जोडणी घेतली, मध्येच काही चूक उद्भवली आणि परत करण्याची ओळ चालायचीच राहिली, की साठ्यातील एक पातेले गेले. रोज एक अशी गळती चालली तर आठ दिवसांत साठा रिकामा होतो आणि सर्व्हर मूग गिळून बसतो. तो पुन्हा सुरू केला की ठीक चालतो, म्हणून कोणी मुळाशी जात नाही. नवव्या दिवशी तीच कथा. २०११ मध्ये जावाच्या सातव्या आवृत्तीने एक सोय केली. जोडणी विशिष्ट चौकटीत घेतली की, चूक होवो वा न होवो, चौकटीबाहेर पडताना ती आपोआप परत केली जाते. साठ्यालाही सांगून ठेवता येते, की अमुक सेकंद उलटूनही जोडणी परत आली नाही, तर ती हरवली असे समज, परत घे आणि कोणी नेली होती ते नोंदवून ठेव. परंतु ही झाली पोलिसांची फेरी. प्रामाणिकपणे परत करण्याची शिस्त मुळातच असावी लागते.

या चार प्रश्नांची उत्तरे नीट दिली तरी एक सापळा उरतो, आणि तो आपल्याला पुन्हा सतराव्या शतकात नेतो. १६१३ चे सामाईक भांडवलही मुदतीचेच होते. ते संपण्यापूर्वी दुसरे उभे राहिले, आणि दोन हिशेब शेजारी शेजारी चालू लागले. १६३५ मध्ये इंग्लंडच्या राजाने कोर्टीन आणि त्याच्या सोबत्यांच्या एका निराळ्याच मंडळीलाही पूर्वेच्या व्यापाराची मुभा दिली. याच धामधुमीत कंपनीबाहेरच्या इंग्रज जहाजांनी तांबड्या समुद्राकडे हिंदी जहाजे लुटली. सुरतेच्या मोगल अधिकाऱ्यांना टोपीकर तेवढे सारखेच. त्यांनी १६३६ मध्ये वखारीचा अध्यक्ष विल्यम मेथवोल्ड यालाच अटकेत ठेवले आणि नुकसानीची भरपाई कंपनीकडून वसूल केली. गुन्हा एकाचा, शिक्षा दुसऱ्याला. कंपनीला कायमचे एकच भांडवल मिळाले ते १६५७ मध्ये.

आजच्या मोठ्या संस्थांत एकाच डेटाबेसवर दहा-पंधरा सर्व्हर चालतात, आणि प्रत्येक जण आपापला साठा बाळगतो. दहा सर्व्हरांनी वीस-वीस जोडण्या मागितल्या तर त्या दोनशे झाल्या. पोस्टग्रेसची मूळची मर्यादा शंभरांची. प्रत्येकाचा आकडा त्याच्यापुरता वाजवी असतो, आणि बेरीज मात्र कोणी केलेली नसते. या स्वतंत्र सफरीच नव्हेत काय? एखाद्या विभागाने महिनाअखेरीचा अहवाल काढण्यासाठी हव्या तेवढ्या जोडण्या ओढल्या, की घरपट्टी भरणारा नागरिक बाहेर खोळंबतो. कोठाराला दोघे सारखेच. म्हणून बेरीज प्रथम करावी, प्रत्येकाचा वाटा ठरवून द्यावा, आणि जेथे सर्व्हर फार असतील तेथे पीजीबाउन्सरसारखा एक सामाईक दलाल कोठाराच्या दाराशीच बसवावा. १६५७ ची एकी, ती हीच.

श्रोतेहो, आपण म्हणाल की हे आकडे कारागिरांचे, त्यांच्याशी आमचा काय संबंध? सुरतेचेच उदाहरण घ्या. १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले आणि वखारीचे वैभव ओसरले. शहर मात्र संपले नाही. आज ते कापडाचे आणि हिऱ्यांचे मोठे केंद्र आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून गेलेली हजारो मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहतात, आणि सणासुदीला तापीकाठच्या लोहमार्गाने भुसावळच्या बाजूला आपल्या गावी येतात. यंत्रमागावर पाळी करणाऱ्या माणसाला कुठलाही अर्ज भरण्यासाठी दुपारच्या सुट्टीतली दहा मिनिटे मिळतात. पडद्यावरचे चक्र फिरत राहिले आणि ती दहा मिनिटे निघून गेली, तर त्याला कोणी सांगत नाही की कुठल्याशा फाइलमध्ये थांबण्याची मुदत लिहावयाची राहिली होती. त्याला वाटते, आपलाच फोन जुना आहे, आपल्यालाच हे जमत नाही. कुणाच्या आळसाचे खापर तो स्वतःच्या माथ्यावर फोडून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून कचेरीच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

म्हणून सामाईक साठा कोणताही असो, वखारीतील मालाचा, टेलिफोनच्या तारांचा की डेटाबेसच्या जोडण्यांचा, तो सांभाळणाऱ्याला विचारावयाचे प्रश्न हेच आहेत. मोजून ठेवला आहे का, रिकाम्या हाताने परतावे लागणाऱ्याला वेळेवर सांगता का, जे वहीत आहे ते प्रत्यक्षात आहे का, आणि नेलेले परत येते का? नगरपालिकांच्या सभांत रस्त्यांच्या खर्चावर आणि पाण्याच्या टाक्यांवर तासन् तास चर्चा होते, आणि ती व्हावयासच हवी. त्या चर्चेत हे चार प्रश्नही विचारले जावोत, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.